रेशो हिरवा, तरी छप्पर खाली

अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात सिव्हिक सेंटरचं अवाढव्य छप्पर १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या ओझ्याखाली कोसळलं. काही तास आधीच तिथे सुमारे ५००० लोक बास्केटबॉलची मॅच बघून घरी गेले होते, म्हणून कुणी मेलं नाही, नशीबच. या छपराचं डिझाईन कम्प्युटरवर केलेलं, त्या काळात म्हणजे भारीच काम, आणि बांधतानाच ते हिशोबापेक्षा जवळपास दुप्पट झुकलेलं दिसलं होतं, पण कागद आणि साईट यात फरक पडतोच म्हणून काम पुढे रेटलं.

छपराच्या सांगाड्यातले वरचे मेंबर, म्हणजे स्टीलचे दांडे, चार अँगल (एल आकाराच्या पट्ट्या) पाठीला पाठ लावून केलेले, अधिकच्या चिन्हासारखे. असा मेंबर दाबला की वाकायच्या आधी पिळू शकतो. कोसळण्याच्या कारणावर तज्ज्ञांचं एकमत झालं नाही, काहींनी आडव्या आधारांना दोष दिला, एका अहवालाने मात्र थेट पिळावर बोट ठेवलं. पीळ म्हणजे काय ते घरी बघा, पोस्टर येतं ती पुठ्ठ्याची नळी पिळून बघा, हलणार नाही, मग कटरने उभी चिरा आणि पुन्हा पिळा, दोन बोटांनी फिरते! पत्रा दुमडून केलेला सी आकाराचा दांडा, म्हणजे सी सेक्शन, ही चिरलेली नळीच.

आता सॉफ्टवेअरची गोष्ट. ते प्रत्येक मेंबरचा रेशो काढतं, म्हणजे आलेलं ओझं भागिले झेपणारं ओझं, एकच्या खाली असला की हिरवा. नेहमीच्या फ्रेम ॲनालिसिसमध्ये, म्हणजे अख्ख्या सांगाड्याच्या हिशोबात, मेंबर म्हणजे फक्त एक रेघ, टोकाला सहा हालचाली, तीन सरकण्याच्या नि तीन फिरण्याच्या. पातळ उघडं सेक्शन पिळलं की त्याचा काप सपाट राहत नाही, मुरडतो, ती सातवी हालचाल बऱ्याच पॅकेजमध्ये धरलेलीच नसते. आणि दाबल्यावर पत्र्यावर लाट उठते ती तर रेघेला दिसणारच नाही, रेघेला पत्रा आहे कुठे.

लाटेचा हिशोब मजेदार आहे. १०० मिमी रुंद, १ मिमी जाड स्टीलचा पत्रा, दोन्ही कडा धरलेल्या, तर साधारण ७२ मेगापास्कल ताणाला लाट येते, स्टीलची यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला लागायचा ताण, मात्र २५०! तोच पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर २६ च्या आसपासच, कारण ॲल्युमिनियमचा ताठपणा स्टीलच्या साधारण तिसरा हिस्सा. इथेच लोक फसतात, ६०६१-टी६ या तापवून कणखर केलेल्या ॲल्युमिनियमची यील्ड साध्या स्टीलच्या जवळपास दिसते म्हणून तोच साईज ॲल्युमिनियममध्ये घेतात, वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं म्हणून खूश. उपाय दोन, जाडी वाढवायची, ती दुप्पट केली तर लाटेचा ताण चौपट होतो, किंवा कडेला छोटी लिप (अरुंद पट्टी) दुमडायची. एक्स्ट्रूजनमध्ये, म्हणजे साच्यातून दाबून काढलेल्या आकारात, तर डाय (तो साचा) बनवतानाच जिथे हवं तिथे मांस, म्हणजे जाडी, भरता येतं, ॲल्युमिनियमचा खरा फायदा मला तोच वाटतो.

लाट आली म्हणजे संपलं असंही नाही. मधला भाग ढिला पडला तरी कडा ओझं उचलत राहतात, म्हणून फक्त कडेची पट्टी मोजायची ही युक्ती इंजिनीअर फॉन कार्मानने १९३२ मध्ये मांडली, पुढे अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज विंटरने प्रयोग करून ती पक्की केली आणि पातळ पत्र्याच्या मेंबरसाठीच्या १९४६ च्या पहिल्या अमेरिकन कोडमध्ये (डिझाईनच्या नियमांत) ती आली. आता सेक्शनच्या आकाराचाच अभ्यास करणारे प्रोग्राम आहेत, संशोधक बेन शेफर यांचा सीयूएफएसएम फुकट मिळतो, तो पत्र्याची लाट, लिपसकट फ्लँज (सी ची आडवी बाजू) वळणं आणि अख्खा मेंबर वाकणं हे तिन्ही वेगळं दाखवतो. लिप दोन-तीन मिमी वाढवून आकडे कसे हलतात ते एकदा बघाच.

वेल्डिंगचं मात्र कुठलंच सॉफ्टवेअर आपणहून सांगणार नाही. ६०६१-टी६ वेल्ड केलं की जोडाच्या आजूबाजूच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये यील्ड जवळपास निम्म्यावर येते, आणि मॉडेलमध्ये तर अख्खी पट्टी टी६ च लिहिलेली असते.

आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडचंही तेच. पर्लिनचा, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या दांड्याचा, वरचा फ्लँज पत्र्याला स्क्रूने धरलेला असतो म्हणून निर्धास्त, पण वादळात वारा पत्रा वर ओढतो तेव्हा दाब खालच्या फ्लँजवर येतो आणि त्याला बाजूने धरणारं कुणी नाही. सॉफ्टवेअर रेशो ०.८ दाखवतं, कारण अनब्रेस्ड लेंथ, म्हणजे बाजूने धरणाऱ्या दोन आधारांमधलं अंतर, तुम्हीच १ मीटर टाकलेली. सॅग रॉड, म्हणजे पर्लिनना बाजूने बांधणारी सळई, खरंच दर मीटरला आहे का, आणि असला तरी खालच्या फ्लँजला लागतोय का, तेवढं शिडीवर चढून बघा.