लोट विरल्यानंतरचा धूर

डिझेलची गाडी चढावर जोर लावते तेव्हा मागून काळा लोट निघतो. इंजिनात इंधन एकदम जास्त फवारलं जातं, त्याला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही आणि अर्धवट जळालेल्या कार्बनची काजळी होते. आपण नाकाला रुमाल लावतो. लोट विरला की रुमाल खिशात जातो, आणि तिथेच आपण फसतो.

ज्वलनात न दिसणारे वायूही तयार होतात. कोळशातलं गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. नायट्रोजनची ऑक्साइडं तर पुष्कळदा हवेतूनच येतात: ज्वाला फार तापली की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो. म्हणून निळ्या ज्योतीने, बिनधुराचा जळणारा गॅसही यातून सुटत नाही. पुढे हे वायू हवेत तरंगताना शेणखत-युरियातून सुटणाऱ्या अमोनियाला भेटतात आणि त्यांचे घन कण बनतात, कधीकधी चिमणीपासून शेकडो किलोमीटर दूर. चिमणीतली राख पकडणारी यंत्रणा इथे उपयोगाची नाही, कारण तिच्यातून जाताना ते वायूच असतात. सल्फर डायऑक्साइड अडवायला चुनखडी कालवलेल्या पाण्याचा फवारा मारावा लागतो. त्यातून जिप्सम मिळतं.

२.५ मायक्रॉनपेक्षा लहान कणांना पीएम २.५ म्हणतात; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केसाची जाडी याच्या वीस-पंचवीसपट. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग) आहे. समजा हवेत घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहेत. माणूस दिवसाला साधारण १० घनमीटर हवा आत घेतो, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम कण: मिठाचे जेमतेम आठ-दहा दाणे. वजन क्षुल्लक वाटतं, पण सगळे कण अडीच मायक्रॉनचे धरले तरी संख्या कोटींत जाते. पाव मायक्रॉनचे धरले तर त्याच्या हजारपट.

मोठी धूळ नाकात, घशात अडकते. बारीक कण फुफ्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे कचरा वर ढकलणारे सूक्ष्म केस नसतात. भक्षक पेशी कण गिळतात, त्यातून दाह होतो आणि त्याचे पडसाद रक्तात उमटतात: रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, धमन्या कडक होतात. खोकल्याची काळजी सगळे करतात, हृदयविकार आणि पक्षाघाताशी या हवेचा संबंध मात्र क्वचितच कुणी जोडतो.

रुमालाने हे कण थांबत नाहीत. एन-९५ मास्क थांबवतो, पण चाळणीसारखा नाही. त्याच्या तंतूंवर विद्युतभार असतो, तो कण ओढून घेतो. साबणाने धुतला की भार उतरतो, मास्क दिसायला मात्र तसाच राहतो. दाढीमुळे कडेला फट राहते. जोरात श्वास सोडून पाहा: नाकाच्या बाजूने वारा लागला, तर हवा आतही तिथूनच येते आहे.

थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर खालीच कोंडतो. अशा दिवसांत खिडक्या उन्हं चढल्यावर उघडाव्यात, फिरायलाही तेव्हाच जावं.

वायूंपुढे एन-९५ मास्कही हतबल आहे. बंद खोलीत जनरेटर चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ आत जातो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. त्याला वासही नसतो. डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर आधी उघड्यावर यायचं. कारण नंतर शोधता येतं.