तिखट बंद केलं म्हणून अल्सरेटिव्ह कोलायटिस जात नाही

शौचातून रक्त पडू लागलं की आधी मूळव्याधीची औषधं होतात. मग कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत, अल्सरेटिव्ह कोलायटिस निघतो आणि घरचे म्हणतात, ‘मिसळ-ठेचा खाऊन आतड्याला जखमा झाल्या.’ हा समज जुना आहे, पण चुकीचा.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उलटते. आनुवंशिकता, आतड्यातले जिवाणू, परिसर अशी कारणं त्यात गुंतलेली असतात. आजार उसळलेला असताना तिखटाने त्रास वाढू शकतो, तेव्हा मऊ भात बरा. पण त्रास वाढणं वेगळं, आजार होणं वेगळं.

खरा घोटाळा पुढे होतो. पथ्याने बरं वाटलं असं समजून लोक मेसालामाइनच्या, म्हणजे आतड्याची सूज आटोक्यात ठेवणाऱ्या, गोळ्या सोडतात. खरं तर बरं वाटत असतं ते बहुधा त्या गोळ्यांमुळेच! लक्षणं गेली तरी अस्तरावरची सूज उरलेली असू शकते. शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या सुजेत वाढणारं प्रथिन) तपासणीत ती कळते. सूज वर्षानुवर्षं राहिली तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून आजाराला साधारण 8 वर्षं झाली की ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करायला सांगतात.

आजार उसळल्यावर देतात त्या स्टिरॉइडचं मात्र उलट. ती कायम घ्यायची नसतात, आणि आपल्या मनाने एकदम तोडायचीही नसतात.

आणि हो, मिरचीला दोष देणारे कंबरदुखीवर डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी बिनधास्त घेतात. तिने आजार उसळू शकतो, म्हणून डॉक्टरांना आधी विचारा.