जाळीची फाइल फक्त रुंदीला वाढवण्याआधी

"डिझाइन तेच ठेवा, रुंदीला जरा ओढा." लेझर कटिंगला जाळी देणाऱ्यांकडून हे आम्ही नेहमी ऐकतो. ओढता येतं. पण ओढल्यावर आतल्या भोकांचं आणि पट्ट्यांचं काय होतं, ते पत्रा कापण्याआधी कळलेलं बरं.

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची साधी स्केल कमांड दोन्ही दिशांना सारखंच वाढवते. 900 बाय 2100 मिमीची दाराची जाळी 1050 रुंद करायला गेलात तर उंचीही 2450 होते. म्हणून बरेच जण डिझाइनचा ब्लॉक (सगळ्या रेषांचा एकच गट) करतात आणि प्रॉपर्टीजमध्ये एक्स स्केल (रुंदीची पट) 1.166667, वाय (उंचीची) 1 ठेवतात. नवं माप भागिले जुनं माप, एवढाच हिशोब. ब्लॉक करताना 'स्केल युनिफॉर्मली'वरची टिक मात्र काढा, नाहीतर दोन्ही आकडे वेगळे ठेवता येत नाहीत.

स्क्रीनवर सगळं छान दिसतं. आता जवळून बघा. बोल्टचं 12 मिमीचं गोल भोक 14 बाय 12 चं लंबगोल झालेलं असतं. चौकटीची पट्टी चारही बाजूंना 40 होती, ती उभ्यात 46.7 झाली आणि आडव्यात 40 च राहिली. 45 अंशांची तिरपी पट्टी 40.6 अंशांवर झुकली. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ब्लॉकच्या आत टाकलेलं माप: रेषा 1050 ची असते आणि आकडा मात्र 900 च दाखवतो.

कमी करताना जास्त सांभाळा. 900 चं 750 केलं की 3 मिमीची उभी पट्टी अडीचवर येते. 3 मिमी पत्र्यात अशी पट्टी उष्णतेने वाकते, त्यामुळे पत्र्याच्या जाडीपेक्षा बारीक पट्टी आम्ही कापायला घेत नाही.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या देवघराचं दार असंच आलं होतं. मधला गणपती दाबून उभट झाला होता. पोटच राहिलं नव्हतं. आजींनी नमुना पाहिला आणि "हा आमचा नव्हे" म्हणून परत पाठवला. बरोबरच होतं त्यांचं.

आमचा सल्ला स्ट्रेच कमांडचा. उजवीकडून डावीकडे विंडो (निवडीचा चौकोन) ओढून जाळीची उजवी बाजू निवडा आणि 150 मिमी सरकवा. विंडोत पूर्ण आलेली उभी पट्टी तशीच सरकते, अर्धवट आलेल्या आडव्या रेषा लांबतात, आणि ज्या भोकाचं केंद्र विंडोत आहे ते गोलच राहून सरकतं. मधे पडलेल्या जागेत नक्षीचे उभे पट्टे वाढवा; नक्षी दर 75 मिमीला फिरून येत असेल तर दोन पट्टे बरोबर बसतात. नाहीच बसले तर चौकट थोडी रुंद करा, नक्षीला हात लावू नका. मूर्ती, अक्षरं, लोगो तर कधीच एका बाजूने ओढू नका. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बाजूचा मधला हँडल धरून ओढलेल्या फाइललाही हेच लागू.

शहरातल्या जुन्या घरांच्या चौकटी क्वचितच काटकोनात असतात. रुंदी वर, मधे आणि खाली, अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आकडा आम्हाला द्या. फाइल डीएक्सएफमध्ये (ऑटोकॅडमधून सेव्ह होणारा ड्रॉइंगचा फाइल प्रकार), मिलिमीटरमध्ये, एकास एक मापाची हवी. आणि ओढलेली असेल तर मूळ फाइलही सोबत पाठवा. बदल आम्ही करून देतो.