‘डॉट’च्या गोळ्या: एक दिवसाआडपासून रोजपर्यंत

नागपुरात कुणाला क्षयरोगाचं औषध सुरू झालं की घरचे सांगतात, ‘त्याचं डॉट चालू आहे.’ मेडिकलच्या टीबी वॉर्डापासून पाचपावलीच्या गल्लीपर्यंत हाच शब्द ऐकू येतो. कुठल्याही गोळीचं नाव डॉट कधीच नव्हतं. कुणाच्या तरी डोळ्यांदेखत औषध घेणं म्हणजे डॉट, आणि ‘डॉट्स’ हे त्याभोवती उभारलेल्या धोरणाचं नाव. त्या धोरणाची अंगं पाच: सरकारची बांधिलकी, थुंकीची तपासणी, देखरेखीखाली औषध, खंड न पडणारा पुरवठा आणि नोंदी. लोकांच्या तोंडी त्यातलं एकच राहिलं, ज्यात रुग्णाला तोंड उघडून गोळी गिळायची होती. उरलेली चार अंगं व्यवस्थेने सांभाळायची होती, ती बोलण्यातून गळून गेली. गेल्या तीस वर्षांत औषध ‘नीट घेणं’ याचा अर्थ कसा बदलत गेला, ते या शब्दाच्या प्रवासात बरंच दिसतं.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं. ते एकटंच दिलं की रुग्ण आधी सुधारतो आणि काही महिन्यांत जंतू त्याला जुमानत नाहीत, हे १९४८ पर्यंत स्पष्ट झालं होतं. क्षयाला एका वेळी अनेक औषधं का द्यावी लागतात, याचं मूळ तिथे आहे. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवलं की घरी राहून औषध घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. खाटा अपुऱ्या असलेल्या देशासाठी तो निष्कर्ष फार मोठा होता. राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. त्या काळचे उपचार वर्ष-दीड वर्ष चालायचे, त्यात स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया असायच्या, आणि सुयांमुळे कानात आवाज येणं, तोल जाणं हे त्रास व्हायचे. रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड आल्यावर हीच मुदत सहा महिन्यांवर आली.

१९९२ मध्ये जुन्या कार्यक्रमाचा आढावा घेतला गेला, तेव्हा उपचार पूर्ण करणारे फारच थोडे निघाले. १९९३ पासून काही ठिकाणी नवी पद्धत करून पाहिली, १९९७ पासून ती विस्तारली आणि मार्च २००६ पर्यंत देशभर पोचली. हा काळ मी जवळून पाहिला. माझी आई अंगणवाडी सेविका. आमच्या वस्तीतल्या रुग्णांना औषध देण्याचं काम तिच्याकडे आलं.

लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात खोके असायचे. नव्या रुग्णाचं लाल, पूर्वी औषध घेऊन पुन्हा आजारी पडलेल्याचं निळं. प्रत्येक खोक्यावर रुग्णाचं नाव, म्हणजे पूर्ण उपचाराचं औषध पहिल्या दिवसापासून त्याच्याच नावाने राखून ठेवलेलं. ही व्यवस्था मला आजही आवडते. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी रुग्ण यायचे. आई स्टीलच्या पेल्यात पाणी द्यायची आणि एका वेळी सात गोळ्या घ्यायला लावायची. चौथ्या-पाचव्या गोळीला बहुतेकांना उमासा यायचा. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी घाबरून विचारायचं, ‘बाई, लघवी लाल होऊन राहिली ना, किडनी तर नाही गेली?’ रिफाम्पिसिनने लघवी, घाम, कधी डोळ्यातलं पाणीसुद्धा नारिंगी होतं आणि त्यात अपाय काही नाही. आई म्हणायची, ‘संत्र्याचा रंग आहे तो, औषध लागू पडून राहिलं.’ एवढं सांगितलं नाही म्हणून औषध सोडलेली माणसं आमच्याच वस्तीत होती.

आता त्या सोमवार-बुधवार-शुक्रवारबद्दल. जगातल्या बऱ्याच देशांत क्षयाचं औषध रोज दिलं जात होतं. धंतोली-रामदासपेठेतले खासगी डॉक्टरही रोजच लिहून द्यायचे. सरकारी कार्यक्रमात मात्र आठवड्यातून तीनदा. एकाच शहरात, एकाच आजाराला दोन वेळापत्रकं. रुग्ण साहजिकच विचारायचा, की फुकटचं औषध कमी असतं का?

या निर्णयामागे शास्त्र नव्हतं असं नाही. औषधाचा मारा बसल्यावर क्षयाचा जंतू काही दिवस पुन्हा वाढायला लागत नाही, आणि अंतराने पण मोठ्या मात्रेत दिलेलं औषध काम करतं, हे साठच्या दशकातल्या प्रयोगांतून दिसलं होतं. शिवाय रोज कुणाच्या समोर औषध घ्यायचं तर रोज मजुरी बुडणार, आणि देणाऱ्यालाही रोज हजर राहावं लागणार. तीन दिवसांत हे निभावतं, औषधही कमी लागतं. म्हणजे हिशोब प्रयोगाचा होता आणि सोयीचाही. माझ्या मते सोयीचं वजन जास्त पडलं.

कारण प्रयोगातला रुग्ण डोस चुकवत नाही, वस्तीतला चुकवतो. रोजच्या औषधात एक दिवस चुकला तर मधे दोन दिवसांचं अंतर पडतं. शुक्रवारचा डोस चुकला तर बुधवारपासून थेट सोमवार, पाच दिवस. लग्नाला रामटेकला गेलेला माणूस, धान रोवायला भंडाऱ्याकडे गेलेली बाई, यांचं नेमकं हेच व्हायचं. एचआयव्ही असलेल्या रुग्णांत एक दिवसाआडच्या औषधाने आजार उलटण्याचा आणि रिफाम्पिसिनला दाद न देणारा जंतू तयार होण्याचा धोका जास्त, हेही पुढे आलं. २०१० च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी शक्य तिथे रोजचंच औषध द्यावं असं सांगितलं. आपल्याकडे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१६ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत रोजचं औषध सुरू झालं आणि २०१७ मध्ये देशभर तेच धोरण ठरलं. सूचना आली आणि वेळापत्रक बदललं, यांत सात वर्षं गेली. या सात वर्षांत ज्यांचा आजार उलटला, त्यांच्या कार्डावर बहुधा ‘डिफॉल्टर’ लिहिलं गेलं. बँकेचं कर्ज बुडवणाऱ्याला लावतात तो शब्द आजारी माणसाला लावला गेला. पुढे तो अधिकृत व्याख्यांतून काढला, तरी बोलण्यात अजून टिकून आहे.

निळ्या खोक्याचा किस्सा तर जास्तच खटकणारा. जुनी औषधं निकामी ठरण्याची शक्यता असलेल्या रुग्णाला तीच औषधं आणि जोडीला दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची सुई. हरत असलेल्या औषधांत एकच नवं मिळवायचं नाही, हा १९४८ पासूनचा धडा, आणि तरी हे वर्षानुवर्षं चाललं. आता तो प्रकार बंद आहे. आधी जंतूची तपासणी होते, मग औषध ठरतं.

रोजच्या औषधाबरोबर गोळ्यांचं रूपही बदललं. सात सुट्या गोळ्यांऐवजी चार औषधं एकाच गोळीत: आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथाम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. वजनाप्रमाणे गोळ्यांची संख्या ठरते, म्हणून उपचार चालू असताना वजन वाढलं की संख्या बदलू शकते. शेजारणीला तीन आहेत म्हणून आपल्यालाही तीन, असं होत नाही. काही वर्षं गोळीच्या पाकिटावर झाकलेला फोन नंबर असायचा. गोळी काढली की नंबर दिसायचा आणि त्यावर फुकट मिस्ड कॉल द्यायचा. पाहणारी व्यक्ती गेली, तिच्या जागी फोन आला. सोय झाली, पण कावीळ झालेल्या माणसाचे पिवळे डोळे फोनला दिसत नाहीत.

देखरेखीच्या काळात हीच बाजू मागे पडली होती. सगळा भर डोस चुकू नये यावर, आणि औषधाने होणारा त्रास म्हणजे रुग्णाची कुरकुर. खरं तर सुरक्षित घेण्यात दोन्ही येतं. गोळ्या शक्यतो उपाशीपोटी घ्यायच्या, फारच मळमळ झाली तर डॉक्टरांना विचारून हलकं काही खाऊन. अ‍ॅसिडिटीचं औषध त्याच वेळी घ्यायचं नाही. विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. डोळे पिवळे दिसले, जेवण नकोसं होऊन उलट्या लागल्या, नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखू येईना, तर पुढच्या गोळीआधी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कावीळ उतरल्यावर औषधं एकेक करून पुन्हा सुरू करता येतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. हातापायाला मुंग्या आल्या तर बी-६ ची गोळी लागते. रिफाम्पिसिनने गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि मधुमेहाच्या काही औषधांचा परिणाम कमी होतो, हे आमच्याकडच्या बायकांना क्वचितच कुणी सांगायचं. दारू या सहा महिन्यांत पूर्ण बंद. आणि नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा टिनाच्या छताला लागून असलेली फळी ही औषधाची जागा नव्हे. खाली, कोरड्या, सावलीच्या कोपऱ्यात डबा ठेवायचा.

एक धोका उपचाराच्या आधीचा. खोकला आठ-पंधरा दिवस राहिला की दुकानातून लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक घेतली जाते. ती क्षयाच्या जंतूलाही अर्धवट दाबते. चार दिवस बरं वाटतं, निदान लांबतं आणि पुढे लागणारं महत्त्वाचं औषध बोथट होतं. मार्च २०१४ पासून क्षयाची औषधं आणि अनेक अँटिबायोटिक यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवणं बंधनकारक आहे.

नंतरच्या गोष्टी भराभर घडल्या. २०१२ मध्ये खासगी डॉक्टरांनाही रुग्णाची नोंद कळवणं सक्तीचं झालं. एप्रिल २०१८ पासून पोषणासाठी महिना ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. दाद न देणाऱ्या क्षयासाठी २०१६ मध्ये बेडाक्विलिन आलं. कान बधिर करणाऱ्या सुया मागे पडल्या, पण त्या जागी हृदयाच्या आलेखावर आणि रक्ताच्या तपासण्यांवर लक्ष ठेवावं लागतं.

मार्च २०२४ मध्ये गोळ्यांचाच तुटवडा झाला. केंद्राने राज्यांना तीन महिन्यांपुरती औषधं आपापल्या पातळीवर विकत घ्यायला सांगितलं. त्या दिवसांत आईकडे जुन्या ओळखीने एक बाई आली. डोस चुकू द्यायचा नाही, हे आईनेच तिच्या नवऱ्याला वीस वर्षांपूर्वी बजावलं होतं. आता मुलाच्या गोळ्या चार दिवसांच्या उरल्या होत्या, आणि हा डोस चुकला तर कार्डावर नाव कोणाचं लिहायचं, असं ती विचारत होती.