काकीची धाप आणि छातीच्या फिजिओची जुनी गोष्ट

मोठ्या काकीचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, लाईट (रेडिएशन) सगळं मुंबईला झालं आणि गावी आली तर घराकडची पाखाडी चढताना तीनदा थांबायची, चिऱ्याच्या गडग्याला हात टेकून. सगळे म्हणायचे केमोचा अशक्तपणा, पेज प्या, होईल बरं. भिंतीवर बोटं चढवायचे वगैरे हाताचे व्यायाम शिकवलेले, पण श्वासाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. असं का, म्हणून वाचायला बसले तर थेट 1894 ला पोचले.

त्या साली बाल्टिमोरच्या विल्यम हॉलस्टेड या सर्जनने आपल्या 50 ऑपरेशनचा रिपोर्ट छापला, त्यात स्तनासोबत काखेतल्या गाठी आणि छातीचा मोठा स्नायूही काढायचे. गडग्याला हात टेकून दम घेतो ना आपण, तेव्हा हाच स्नायू बरगड्या वर ओढायला मदत करतो! पण तेव्हा बाई जगणं हेच मोठं होतं. नंतर डोळ्यांना दिसायचा तो सुजलेला हात आणि न उचलणारा खांदा, त्यामुळे फिजिओ आला तो हातासाठी. 1948 ला लंडनचे सर्जन पेटी यांनी तो स्नायू ठेवून ऑपरेशन करता येतं हे दाखवलं, 1985 ला अमेरिकन सर्जन बर्नार्ड फिशरच्या टीमने नुसती गाठ काढून लाईट दिले तरी बाया तितक्याच जगतात हे दाखवलं.

स्नायू वाचला पण धाप राहिलीच, कारण लाईटने कधी फुप्फुसाला सूज येते, स्टिरॉइडने स्नायू ढिले पडतात, आणि दुखतं म्हणून बाई खांदे आत घेऊन वरवर श्वास घेत राहते. (हार्ट किंवा रक्त कमी असल्यानेही धाप लागते, ते आधी डॉक्टरांकडून तपासूनच घ्या.)

श्वासाचा फिजिओ वेगळ्याच वाटेने आला. 1934 ला लंडनच्या ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये विनिफ्रेड लिंटन छातीच्या ऑपरेशनवाल्यांना श्वासाचे व्यायाम द्यायला लागल्या. आपल्याकडे मुंबईत पोलिओची साथ आली आणि 1953 ला केईएममध्ये फिजिओथेरपीची शाळा निघाली. टाटा हॉस्पिटल 1941 पासून तिथेच. दोन्ही परळात, चालत जाण्याइतकी जवळ, आपले चाकरमानी जिथल्या गिरण्यांत राबले तिथेच! तरी श्वासाचे व्यायाम म्हटलं की पेशंट दम्याचा नाहीतर फुप्फुसाच्या ऑपरेशनचा, स्तनाचा कॅन्सर कोणाच्या डोक्यातच नाही. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

मग 1969 ला ब्लॅक आणि हायट यांनी श्वास ओढण्याचा जोर तोंडाशी साधा मीटर लावून मोजायची पद्धत मांडली, 1976 ला लीथ आणि ब्रॅडलीनी दाखवलं की दंडासारखे श्वासाचे स्नायूही व्यायामाने बळकट होतात. ते आधी फुप्फुसाच्या जुन्या आजारांत, हार्टच्या पेशंटमध्ये वापरलं गेलं, ब्रेस्ट कॅन्सरकडे यायला खूप वर्षं गेली आणि तिथले अभ्यास अजून छोटे-छोटेच आहेत.

मी चिपळूणच्या मेडिकलमधून श्वास ओढून बॉल वर उचलायचं तीन बॉलवालं यंत्र आणलं होतं, पण फिजिओताई म्हणाल्या ते खोल श्वासासाठी, जोर वाढवायला स्प्रिंगवालं लागतं, ओढताना अडवणारं. काकीचा जोर मोजून त्याच्या 30 टक्क्यांवर स्प्रिंग लावून दिली, सकाळी 30 श्वास, संध्याकाळी 30, आणि दर आठवड्याला परत मोजायचं.