शाया, शाळा आणि सत्तरीचा मेंदू

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी शाळेच्या ओट्यावर संध्याकाळी साक्षरतेचा वर्ग भरायचा. आत्याला तिथं धाडताना घरात बराच वाद झाला. तिचं नेमकं वय कुणालाच ठाऊक नाही. बहात्तरच्या दुष्काळात थोरला तिच्या कडेवर होता, एवढाच हिशेब. "मनं डोकं आते चालत नही," हे तिचं पालुपद.

तिसऱ्या आठवड्यात तिनं भिंतीवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि दम घेत वाचलं, "शाया." शिकवणारा पोरगा चटकन म्हणाला, "शाया नाही आत्या, शाळा." आत्यानं बोट काढून घेतलं. त्या संध्याकाळी ती पुन्हा काही बोलली नाही.

खरं तर ती बरोबर वाचत होती. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा तो डोया, काळा तो काया. डोळ्यांनी अक्षरं टिपली, मेंदूनं ती लहानपणापासूनच्या शब्दाशी जोडली आणि तोंडून तो शब्द आपल्या बोलीत बाहेर आला. वाचणं म्हणजे आणखी काय असतं?

लिहिण्याची कला जेमतेम पाच हजार वर्षांची. एवढ्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा उत्क्रांत होणं शक्यच नव्हतं. म्हणून वस्तू, आकार, चेहरे ओळखणाऱ्या भागातलाच एक तुकडा अक्षरांच्या कामाला जुंपला जातो. डाव्या बाजूला, मागे, खालच्या अंगाला. हे फक्त कोवळ्या वयातच होतं का? फ्रान्सचे मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान आणि सहकाऱ्यांनी ब्राझील व पोर्तुगालमधल्या लोकांचे मेंदू तपासून 2010 साली याचं उत्तर दिलं. लहानपणी शाळेत गेलेले, मोठेपणी वाचायला शिकलेले आणि निरक्षर, असे तिन्ही प्रकारचे लोक त्यात होते. मोठेपणी शिकलेल्यांच्या मेंदूतही तो तुकडा अक्षरं पाहून जागा होत होता. पुढे 2017 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर आपल्या लिपीवरचा आहे. लखनऊजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक बायका, सहा महिने देवनागरी शिकवली. बदल मेंदूच्या वरच्या थरापुरते राहिले नाहीत, थॅलॅमससारख्या खोलवरच्या भागांपर्यंत पोचले.

त्या बायका तिशीच्या आसपासच्या होत्या, आत्याच्या वयाच्या नव्हेत, हे सांगायला हवं. पण जर्मनीत साठीच्या लोकांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवायला तीन महिने शिकवलं, तेव्हा त्यांच्याही मेंदूतला करडा भाग काही ठिकाणी वाढलेला दिसला (2008). तरुणांएवढे तरबेज झालेले त्यांच्यात थोडेच होते, पण झाले.

वयानं कमी होतो तो वेग, आणि एकाच वेळी डोक्यात धरून ठेवायच्या गोष्टींची संख्या. शब्दसाठा मात्र साठीपर्यंत वाढतच राहतो. शिवाय 'डोकं चालत नाही' यातलं निम्मं दुखणं डोळ्यांचं असतं. साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या मानानं साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. ओट्यावर एक दिवा, तोही शिकवणाऱ्याच्या डोक्यावर! आधी चाळिशीचा चष्मा आणि दुसरा दिवा, मग बाराखडी.

आता प्रौढांच्या 'प्रशिक्षणा'बद्दल. ठिबक आणि विद्राव्य खतांच्या एका दोन दिवसांच्या शिबिराला मी गेलो होतो. सकाळभर भाषणं, दुपारी तूप घालून वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी, त्यानंतर पडद्यावर व्हेंचुरीची, म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीची, आकृती. बट्टी पोटात गेल्यावर व्हेंचुरी कुणाला दिसणार? शेजारचे जिभाऊ निवांत घोरत होते. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली, फोटो झाला.

ब्रिटनच्या टपाल खात्यात कर्मचाऱ्यांना कळफलक शिकवायचा होता, तेव्हा त्यांचे चार गट केले गेले. एक गट रोज एकच तास शिकला, एक गट रोज दोन-दोन तास दोनदा, बाकीचे दोन यांच्या अधेमधे. 1978 साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की रोज एक तासवाल्यांना एकूण तास सगळ्यांत कमी लागले. गंमत म्हणजे तेच सगळ्यांत नाराज होते. दिवस जास्त लागत असल्यानं आपण मागे पडतोय असं त्यांना वाटायचं. दोन दिवसांत उरकणारी शिबिरं शिकणाऱ्यांनाही का आवडतात, ते इथं कळतं.

मधल्या दिवसांत माणूस थोडं विसरतो, झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला ताण देऊन आठवावं लागतं. हे आठवणंच चेतापेशींमधले दुवे घट्ट करतं. अमेरिकेत 2006 साली विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं आठवणाऱ्यांना 56 टक्के येत होतं, वाचणाऱ्यांना 42.

आमच्याकडे हे बसतं ते कपाशीच्या शेतीशाळेत. ही पद्धत 1989 साली इंडोनेशियात भातासाठी सुरू झाली. हंगामभर ठरावीक दिवसांनी बांधावर जमायचं, झाडं बघायची, बोलायचं. ते घोरणारे जिभाऊ इथं गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यातले, म्हणजे मादीच्या वासाला भुलून अडकलेले, पतंग मोजतात. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले, की फवारणीचा विचार करायचा. हे त्यांनी कुठं लिहून ठेवलेलं नाही, दरवेळी आठवूनच सांगतात. शिबिरातल्या व्हेंचुरीचं त्यांना काही विचारू नका.

आत्याचा वर्ग वेचणीच्या दिवसांत महिनाभर बंद पडला. कापूस घरात आल्यावर पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्या पोरानं फळ्यावर दोन रकाने केले. एकीकडे आत्यानं बोलायचं, दुसरीकडे त्यानं पुस्तकातला शब्द लिहायचा. डोया, डोळा. काया, काळा. रकाने पुरेनात. मार्चमध्ये 'उल्लास' या सरकारी साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा झाली, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान मिळून 150 गुणांची. तिला किती मिळाले ते ती सांगत नाही.

परवा अमळनेरच्या स्टँडवर मी चौकशीच्या खिडकीशी उभा होतो. आत्या पिशवी घेऊन सरळ एका गाडीसमोर गेली, पाटीकडे मान वर करून बघितलं आणि मला हाक मारली, "धुये! चाल, हाईच शे."

पाटीवर 'धुळे' लिहिलं होतं.