हवा कुठून आत येते, कुठून बाहेर जाते?

घरी जोडलेला कॉम्प्युटर थंड ठेवण्याविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहिती

सुटे भाग आमच्याकडून नेऊन घरीच कॉम्प्युटर जोडणारे ग्राहक काही दिवसांनी परत येतात, ते बहुधा एकच मागणी घेऊन: "मशीन तापतंय, अजून एक पंखा द्या." पंखे विकणं हा आमचा धंदाच आहे. तरी आम्ही आधी विचारतो, की आहेत त्या पंख्यांपैकी हवा आत घेणारे किती आणि बाहेर टाकणारे किती? यावर पुष्कळदा समोरचा गप्प होतो. म्हणून हे पत्रक.

आधी थोडा हिशेब. कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, तिची जवळजवळ सगळी उष्णताच होते. गेम चालू असताना मशीन ४०० वॅट ओढत असेल, तर टेबलाखाली ४०० वॅटची शेगडी पेटली आहे असं समजा. आतली हवा खोलीपेक्षा फार तर १० अंशांनी तापावी अशी अपेक्षा असेल, तर दर सेकंदाला साधारण ३३ लिटर हवा कॅबिनेटमधून वाहायला हवी. मध्यम आकाराच्या कॅबिनेटमध्ये हवा मावते ४०-५० लिटर. म्हणजे दीडेक सेकंदात आतली सगळी हवा बदलली पाहिजे. ऐकायला हे फार वाटतं, पण १२० मिलिमीटरचा एक बरा पंखा मोकळ्यावर सेकंदाला २५ लिटरच्या आसपास हवा ढकलतो. फिल्टर, जाळी आणि वायरींचा गुंता आडवा आला की त्यातली बरीच कमी होते, तरीही समोर दोन आणि मागे एक एवढ्यावर बहुतेक मशीनचं भागतं. बाकीचे पंखे हौसेचे. हौसेला आमची ना नाही.

पंख्याचं तोंड कुठलं?

साध्या पंख्याची एक बाजू मोकळी असते, तिथे पाती उघडी दिसतात. दुसऱ्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या दांड्या असतात. हवा मोकळ्या बाजूनं आत शिरते आणि दांड्यांच्या बाजूनं बाहेर पडते. कडेला बाण कोरलेले असतील तर काम आणखी सोपं. मात्र हल्ली दिव्यांची शोभा दिसावी म्हणून उलट्या पात्यांचे पंखेही मिळतात, त्यांना हा नियम उलटा लागतो. शंका असेल तर पातळ टिश्यू पेपरची पट्टी पंख्यासमोर धरा. ती जाळीला चिकटली तर हवा आत जाते आहे, फडफडत दूर गेली तर बाहेर येते आहे.

एक मशीन आमच्याकडे आलं होतं, त्यात सात पंखे. प्रोसेसर तरीही ९० अंशांच्या वर. उघडून पाहिलं तर मागचा पंखा उलटा बसवलेला. कारण? दिव्यांची बाजू काचेतून छान दिसते. प्रोसेसरचा कूलर (त्याच्यावर बसवलेलं थंड करणारं यंत्र) गरम हवा मागे फेकत होता आणि मागचा पंखा तीच हवा परत त्याच्या तोंडावर मारत होता. चार स्क्रू काढले, पंखा फिरवला, झालं. नवीन काहीच विकलं गेलं नाही.

हवेची वाट

समोरून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर, ही वाट सरळ ठेवा. गरम हवा आपोआप वर जाते हे खरं, पण पंख्यांच्या जोरापुढे तो ओढा अगदी किरकोळ असतो. त्यामुळे तिच्या भरवशावर पंख्यांची मांडणी करू नका. वरच्या झाकणाला बाहेर टाकणारा पंखा लावायचाच असेल तर तो मागच्या टोकाला लावा. पुढच्या टोकाला लावलात तर समोरून नुकतीच आलेली थंड हवा कूलरपर्यंत पोचायच्या आत तो ती बाहेर काढून टाकतो. ही चूक आम्ही फार पाहतो.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असलेली बरी. मग जादा हवा फटींमधून बाहेर पडते आणि धूळ फक्त फिल्टरच्या वाटेनंच येऊ शकते. उलट झालं तर कॅबिनेटची प्रत्येक फट धूळ ओढायला लागते.

ग्राफिक्स कार्डाकडे वेगळं लक्ष द्या. दोन-तीन पंख्यांची बहुतेक कार्डं आपली उष्णता कॅबिनेटच्या आतच सोडतात आणि गेमच्या वेळी सगळ्यात जास्त तापणारा भाग बहुधा तोच असतो. समोरचा एक पंखा कार्डाच्या पातळीला येईल असा बसवा. समोर सलग काच आणि हवेला फक्त कडेनं बोटभर फट, अशी कॅबिनेट दिसायला देखणी असतात, पण जोरदार कार्ड घेणाऱ्याला आम्ही ती सुचवत नाही. जाळीदार तोंडाचं साधं कॅबिनेट कधीही उत्तम.

पाण्याचा कूलर असेल तर रेडिएटर, म्हणजे पाणी थंड करणारी जाळी, वर लावणं सोयीचं. पंप हा सगळ्या चक्रातला सर्वांत उंच भाग होता कामा नये, नाहीतर आतली हवा त्यात जाऊन अडकते.

झाकण काढून पाहा

नवीन काही विकत घेण्याआधी ही चाचणी करा, पैसे लागत नाहीत. नेहमीचा गेम २० मिनिटं चालवा आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाचं तापमान लिहून ठेवा. मग मशीन बंद करून बाजूचं झाकण काढा आणि त्याच खोलीत, तोच गेम, तेवढाच वेळ चालवा. आकडे १० अंशांनी किंवा जास्त उतरले, तर दोष हवेच्या वाटेत आहे: पंखे, फिल्टर किंवा कॅबिनेटचं तोंड पाहा. दोन-तीन अंशांचाच फरक पडला, तर कॅबिनेटला कितीही पंखे लावून उपयोग नाही, कूलर नीट टेकला आहे का ते बघायला हवं. झाकण कायमचं काढून ठेवणं हा मात्र उपाय नव्हे. धूळ बसते, आणि काही भागांवरून वाहणारी हवा उलट कमीच होते.

कूलर नीट न टेकण्याची कारणं ठरलेली असतात. तळाला चिकटवलेली पारदर्शक पट्टी काढायची राहून गेलेली असते (हसू नका, अनुभवी लोकांकडूनही होतं), एका बाजूचे स्क्रू आधीच पूर्ण आवळल्यामुळे कूलर तिरका बसलेला असतो, किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला, उष्णता वाहून नेणारा लेप) सुकलेली असते. पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी पुरते, मोठ्या प्रोसेसरला किंचित जास्त. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळा.

आवाजाचं काय?

पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा साधारण दुप्पट होते, पण त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाजही चांगलाच चढतो. म्हणून लहान पंखा पिसाटासारखा फिरवण्यापेक्षा १४० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरवलेला चांगला. चार पिनांच्या पंख्याचा वेग मदरबोर्ड (सगळे भाग जिथे जोडले जातात तो मुख्य बोर्ड) थेट ठरवू शकतो. तीन पिनांचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतो, त्यासाठी बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) योग्य पर्याय निवडावा लागतो. तो चुकला तर पंखा सतत पूर्ण वेगानं बोंबलत राहतो.

स्क्रीनवर एखादा प्रोग्राम उघडला तरी प्रोसेसरचं तापमान क्षणभर उसळतं आणि पंखे विनाकारण दम लागल्यासारखे वर-खाली करतात. बायोसमध्ये पंख्याचा वेग काही सेकंद उशिरानं बदलण्याची सोय बहुधा असते, ती वापरा.

किती तापलं म्हणजे काळजी?

बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. मर्यादेला पोचल्यावर प्रोसेसर जळत नाही, स्वतःचा वेग कमी करून घेतो. गेम मधेच अडखळायला लागतो तो पुष्कळदा यामुळे. जड कामाच्या वेळी ७०-८० दिसले तर निवांत राहा. आणि कुठलाही पंखा मशीनला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली ५ अंशांनी तापली की आतले आकडेही साधारण तेवढेच चढतात, तेव्हा बिघाड समजून धावपळ नको.

जागा आणि धूळ

कॅबिनेटच्या मागे वीतभर जागा सोडा. बंद कप्प्यात ठेवलेलं मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढतं. एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) पंखा खाली तोंड करून असेल तर कॅबिनेट गालिच्यावर ठेवू नका.

फिल्टर महिन्यातून एकदा झटका, आतली सफाई तीन-चार महिन्यांनी करा. मशीन बंद करून वायर काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. जोराच्या हवेनं पंखा भलत्या वेगानं फिरला तर बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीला येणारी स्थिर वीज सुट्या भागांना घातक ठरू शकते.

एवढं करूनही आकडे उतरले नाहीत तर मशीन आमच्याकडे आणा. सोबत झाकणासहित आणि झाकणाविना घेतलेले दोन्ही आकडे, त्या वेळचं खोलीचं तापमान आणि कुठला गेम चालू होता, हे चिठ्ठीवर लिहून आणलंत, तर आमचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचं मशीन लवकर परत मिळतं.